मनकवड्याचा पेशा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार मोठमायचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या उमरेडकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला मोठमाय म्हणतात. थोरले काका मी पाहिलेच नाहीत. ते गेले तेव्हा मोठमाय पंचविशीची होती, आणि तेव्हापासून ती आमच्या घरी, आमच्या मागावर, बाबांच्या डाव्या हाताला बसत आली. माझ्या पदवीदानाचा फोटो भिंतीवर लागला तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ गेली, मान जराशी वाकडी केली आणि डाव्या डोळ्याने बराच वेळ पाहत राहिली. "काया झग्यात वकिलावानी दिसून राहिला," एवढंच म्हणाली.

तो डावा डोळा कसा वाचला त्याची ही हकीकत आहे. तिच्यात नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका दुकानावरची खोली आहे, वीस पैलूंचा एक फासा आहे, आणि मी कागदावर तयार केलेला एक माणूस आहे. त्याला दुसऱ्याच्या मनातलं कळत असे.

आधी माग सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या घरी करवतकाठी साड्या विणल्या जात. अशा साडीला आडवा धागा वाहून नेणारे तीन धोटे लागतात: एक मधल्या अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. अंगाचा रंग वेगळा, काठाचा वेगळा, आणि ते जिथे भेटतात तिथे प्रत्येक ओळीत दोन धागे एकमेकांत अडकवावे लागतात. त्यातूनच करवतीसारखे दात उमटतात. मधला धोटा आणि उजवा काठ बाबांकडे असे. डावा काठ मोठमायचा. बाबांचा धोटा डावीकडे पोचेल त्या क्षणी तिचा धोटा तिथे हजर हवा, नाहीतर दात मोडतो. दोघं एकाच फळीवर बसत आणि दिवसभर एक शब्द बोलत नसत. तरी दात कधी मोडला नाही. शेजारच्या बाया म्हणत, "तुही मोठमाय मनकवडी हाय." मला लहानपणी हे अगदी खरं वाटे. मोठेपणीही ते खोटं वाटलं नाही.

मी दहावी झालो तेव्हा बाबांनी ठरवलं होतं की आता मी मागावर बसावं. मोठमाय त्या दिवशी फळीवर बसलीच नाही. दारात बसून तांदूळ निवडत राहिली.

"वहिनी, मांगावर दोन हात कमी पडून राहिले," बाबा म्हणाले.

"आता माहेबी कमी झाले. चार झाले," ती म्हणाली. "याले कॉलेजात घाला, मंग बसतो मी."

दोन दिवस आमच्या घरात मागाचा आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी बाबा टोपी घालून शाळेत दाखला आणायला गेले. ते परत येईपर्यंत मोठमाय फळीवर बसलेली होती, धोट्यात धाग्याची नवी कांडी भरून.

असा मी नागपूरला आलो. आमच्या घराण्यातला मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिला. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. बी.एस्सी.च्या वर्गात माझ्या बाकावर जरीपटक्याचा एक सिंधी मुलगा बसत असे. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. परदेशातल्या त्याच्या मामाने त्याला एक खोकं पाठवलं होतं. त्यात बारीक अक्षरातली काही पुस्तकं आणि रंगीत फासे होते. चार पैलूंचा, आठ पैलूंचा, बारा पैलूंचा, आणि एक बोराएवढा, वीस पैलूंचा. मी आयुष्यात सारीपाटाचे फासे सोडून दुसरे फासे पाहिले नव्हते. तो वीस पैलूंचा फासा मी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवत राहिलो, आणि तो हसून म्हणाला, "देख ले, देख ले, मी पण दोन दिन तेच केलं."

खेळ असा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण खेळ चालवतो. जग त्याच्या डोक्यात असतं. बाकीचे एकेक माणूस होतात. चालवणारा सांगतो, तुम्ही अमक्या ठिकाणी आहात, समोर हे आहे. तुम्ही सांगायचं, मी हे करतो. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. बस्स. रविवारी दुपारी दुकान बंद असे तेव्हा आम्ही वरच्या खोलीत जमत असू, कापडाच्या थानांवर बसून. आम्ही चौघं होतो. तो सिंधी मित्र खेळ चालवायचा. एक नंदनवन वस्तीतला मित्र होता, जिभेचा तिखट. तो नेहमी तलवारवाला होई. एक मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाचा होता, माझ्यासारखाच घरातला पहिला शिकणारा. त्याचे वडील छप्पन साली दीक्षाभूमीवर गेलेल्यांतले, आणि ते मुलाला लहानपणापासून 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारत. तो मंत्रवाला होई. आणि चौथा मी.

पहिल्या दिवशी खेळ चालवणारा डोळे बारीक करून म्हणाला, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात. आतून गार हवा येते आहे. तू काय करतोस?"

खिडकीत खसचा कूलर चालू होता. बाहेर मे महिना होता. मला खरोखर ओल्या दगडाचा वास आला. अंगावर शहारा आला आणि मी जे पहिलं सुचलं ते बोललो.

"मी चपला काढतो."

नंदनवनवाला थानावरून घसरलाच. "अबे, राक्षसाची गुहा आहे बे, मंदिर नाही! नारळ पण आणला का?"

माझे कान तापले. आमच्या घरी मागाच्या खोलीत चपला घालून कुणी जात नाही. अंधाऱ्या, गार जागेत शिरायचं तर पाय आपोआप मोकळे होतात. हे त्यांना कसं सांगणार? पण खेळ चालवणारा हसला नाही. त्याने थोडा विचार केला आणि वीस पैलूंचा फासा टाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "नंगे पाँव. आवाज नाही आला. राक्षस झोपूनच राहिला." आणि नंदनवनवाल्याकडे वळून, "तुझे बूट मात्र वाजले."

त्या क्षणाचं आश्चर्य माझ्या मनातून अजून ओसरलेलं नाही. उमरेडच्या एका मागाच्या खोलीतली सवय, आणि कुठल्या कोण्या देशात छापलेल्या खेळातली गुहा, यांची गाठ पडली होती. त्या जगात मला जागा होती.

खेळातल्या प्रत्येक माणसाचा एक 'क्लास' असे. पुस्तकातला तो शब्द आम्ही काही दिवस तसाच वापरला. मग मी 'पेशा' म्हणायला लागलो आणि सगळे तेच म्हणू लागले. लढवय्या हा एक पेशा, मंत्रवाला दुसरा, चोर तिसरा. पेशाला पायऱ्या असतात. पहिल्या पायरीच्या मंत्रवाल्याला एखादाच मंत्र येतो, दहाव्या पायरीचा डोंगर हलवतो. पेशा निवडता येतो, हेच मला आधी खरं वाटेना. आमच्यात तो जन्मासोबत येतो, आडनावासारखा.

मला तलवारही जमेना आणि मंत्रही. काही आठवड्यांनी मी धीर करून विचारलं, पुस्तकात नसलेला पेशा आपण तयार करू शकतो का?

"बना ना," खेळ चालवणारा म्हणाला. "पण टेबलवर टिकला पाहिजे. खेळ तुटला तर बाहेर."

"कोणता पेशा?" मेडिकलवाल्याने विचारलं.

मी म्हणालो, "मनकवडा."

खेळ चालवणाऱ्याला शब्द माहीत नव्हता. समजावून सांगितल्यावर त्याने तो दोन-तीनदा उच्चारून पाहिला, नवी मिठाई तोंडात घोळवावी तसा.

मी प्रॅक्टिकलच्या वहीत, चौकटीच्या कागदावर, मनकवड्याचे नियम लिहायला घेतले. रसायनशास्त्राची वही मी कधी एवढी नीट लिहिली नसेल. मनकवड्याला समोरच्याच्या मनातलं कळतं, भिंतीपलीकडच्याचं कळतं, खोटं कळतं, भीती कळते, पुढचा विचारही कळतो. हे सगळं मी त्याला पहिल्याच पायरीवर दिलं. पायऱ्यांची कल्पना मला वाचून समजली होती, पण हाडांत मुरली नव्हती. आमच्यात पहिल्या पायरीचा विणकर असा कुणी नसतो. फळीवर बसलास की पहिल्या ओळीपासून दात नीट यायला हवा. दात अर्धा आला तर साडी अर्धी होत नाही, वाया जाते. म्हणून माझा मनकवडा पहिल्या दिवसापासून पुरा होता.

व्हायचं ते झालं. खेळ चालवणाऱ्याने तीन आठवडे खपून एक गोष्ट रचली होती. राजवाड्यातल्या सात माणसांत एक फितूर, आणि तो शोधायचा. आम्ही राजवाड्यात शिरलो. मी म्हणालो, "सातही जणांच्या मनातलं ऐकतो." फासा टाकला, चांगला पडला.

खेळ चालवणाऱ्याने आपले कागद खाली ठेवले. "स्वयंपाकी," तो मेल्या आवाजात म्हणाला. "स्वयंपाकी है. खतम. तीन हफ्ते की मेहनत, पाच मिनट में खतम."

"चला, चहा पिऊ," नंदनवनवाला म्हणाला. "मी तर तलवार पण नाही काढली बे. पहिल्या पायरीवर हा असा, दहाव्यावर काय होईन? भगवान?"

"आमच्या घरी..." मी मागाचं काही सांगायला लागलो.

"हा खेळ आहे भाई, माग नाही," खेळ चालवणारा म्हणाला. तो चिडला होता, पण त्याने मग जे विचारलं ते मी विसरलो नाही. "मला एक सांग. लढवय्याला जखमा होतात. मंत्रवाल्याचे मंत्र संपतात. तुझ्या मनकवड्याला काय होतं? फुकट ऐकतो?"

त्याने मला आणखी एक संधी दिली. तेव्हाही खेळ तुटला तर मनकवडा कायमचा बाहेर. नियम कागदावर बसून सुचणार नाहीत, हे मला कळलं. मनकवडं माणूस मी एकच पाहिलं होतं. पोळ्याच्या सुटीत इतवारी स्टेशनवरून छोट्या रुळांची गाडी धरून मी घरी गेलो ते तिलाच विचारायला.

सण झाला आणि माग पुन्हा सुरू झाला. मी मोठमायच्या शेजारी फळीच्या टोकाला टेकलो आणि विचारलं, "मोठमाय, बाबांच्या मनातलं तुला कसं कळतं?"

"काहून गा बाबू? कॉलेजात हे शिकवून राहिले का?"

"सांग ना."

"मनातलं मले का ठाऊक," ती म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता. "मले फळीतलं समजते. डोये मीट. हात ठेव इथं."

मी तळहात फळीवर ठेवला आणि डोळे मिटले. आधी नुसती खटखट. मग हळूहळू ती खटखट सुटी होत गेली. बाबा पावडीवर पाय देत होते त्याची थरथर फळीतून माझ्या हातात येत होती. एक जड, दोन हलक्या. एक जड, दोन हलक्या. धोटा हातातून सुटताना ते श्वास धरत आणि पोचला की सोडत, तेही फळीत उतरत होतं. किती वर्षं मी त्या फळीजवळ खेळलो, जेवलो, अभ्यास केला, आणि तिच्यात एवढं सगळं चालू होतं.

"आता त्याची कांडी सरन," मोठमाय माझ्या कानाशी पुटपुटली. "पाय कचरून राहिला, पाह्य."

मी मोजलं. चौथ्या ओळीला बाबा थांबले. "कांडी संपली वाटते," ते स्वतःशीच म्हणाले.

मी डोळे उघडले तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा होता. देवळात गेल्यावर व्हायला हवं असं म्हणतात ते मला तिथे, मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर झालं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो, आणि पाहत होतो म्हणूनच पुढचं दिसलं.

बसताना मी कांड्यांची टोपली सरकवून माझ्या बाजूला ठेवली होती. मोठमायची कांडीही संपत आली होती. तिचा हात टोपलीच्या जुन्या जागेवर गेला. तिथे काही नव्हतं. तिने जमीन दोनदा चाचपली. टोपली तिच्यापासून वीतभर अंतरावर, उजेडात होती.

मी टोपली हळूच तिच्या हाताखाली सरकवली. तिने बोटांनी एक कांडी उचलली, सोडली, दुसरी उचलली. लाल कांड्यांना तिने बारीक गाठ मारून ठेवली होती.

"मोठमाय," मी म्हणालो, "तुला दिसत नाही?"

"चूप," ती म्हणाली. "बापू आयकन." बाबांना ती बापू म्हणे; ते खटखटीत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. दुपारी ते बाजारात गेले तेव्हा ती बोलली. मागच्या दिवाळीपासून नजर धुकट झाली होती, उजव्या डोळ्याने जास्त. बाबांना माहीत नव्हतं. त्यांची नजर त्यांच्या काठावर असे, आणि तिचा दात तर मोडत नव्हता.

"मोतीबिंदू हाय. त्यात का भेवाचं? पिकला का काढून टाकू."

"दुखतं का?"

"डोकं ठणकते जराक. पण एक गंमत सांगतो तुले." तिचा चेहरा खुलला. "सांजच्याले दिवा लावला का त्याच्या भवताल कंकणं दिसतात. हिरवं, तांबडं, निळं. एकात एक. असा काठ तुह्या बाबाले जनमात जमणार नाई."

मी तिला नागपूरला चल म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. ती उठली तर माग थांबणार, आणि माग थांबला तर मला परत येऊन बसावं लागणार. आमच्या घरात तिसरं कुणी बसणारं नव्हतं. माझं शेवटचं वर्ष होतं. "तुही परीक्षा होऊ दे," ती म्हणाली. "मंग पाहू. बापूले सांगजो नोको. माही आन घे."

मी तिची आन घेतली. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. पण त्या वेळी मी तिच्याकडे फक्त थक्क होऊन पाहत होतो. वर्षभर ही बाई जवळजवळ न पाहता करवतीचे दात उमटवत होती आणि शेजारी बसलेल्या माणसालाही ते कळलं नव्हतं! आणि मोतीबिंदू सगळ्यांनाच होतो. आमच्या गल्लीत चार म्हाताऱ्यांना होता. पिकला की काढतात.

परतीच्या गाडीतच मी नवे नियम लिहायला सुरुवात केली. खेळ चालवणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मनकवड्याला मन ऐकायचं तर डोळे मिटावे लागतील, आणि मिटलेले असतील तोवर त्याच्यावर कुणी धावून आलं तरी दिसणार नाही. ज्याचं मन ऐकायचं त्याच्या आणि आपल्यामध्ये काहीतरी एकसंध हवं, एकच जमीन, एकच लाकूड. पहिल्या पायरीवर फक्त एवढंच कळेल की समोरचा थांबणार आहे की पुढे येणार. पुढच्या पायऱ्या मी जपून, थोड्या थोड्या चढवल्या. आणि सहाव्या पायरीवर लिहिलं: 'या पायरीपासून मनकवड्याला संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कंकणं दिसतात, एकात एक. ती दिसली की समजावं, शक्ती वाढते आहे.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते दोनदा, चांगल्या अक्षरात काढलं.

पुढच्या रविवारी मनकवड्याची परीक्षा झाली. खोलीत कापड बेतायची एक लांब फळी होती, तिच्याभोवती आम्ही बसलो. खेळ चालवणाऱ्याने नियम वाचले आणि म्हणाला, "ठीक. मिट डोळे. सच्ची में मिट." मी मिटले. "जंगल आहे. अंधार. समोर एक डाकू आहे. तुला दिसत नाही. हात ठेव." आणि तो बोटांनी फळीवर डाकूची पावलं वाजवू लागला.

नंदनवनवाल्याने काहीतरी टोमणा सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. खोलीत फक्त बोटं वाजत होती. एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. मी ऐकत राहिलो. मग जड पाऊल किंचित हलकं झालं.

"तो थांबणार आहे," मी म्हणालो.

आणखी दोन ठोके पडले आणि बोट थांबलं.

मी डोळे उघडले तेव्हा खेळ चालवणारा आपल्याच बोटाकडे पाहत होता. "मी ठरवलं नव्हतं," तो म्हणाला. "कसम से. मलाच माहीत नव्हतं मी थांबणार."

"बापरे," नंदनवनवाला म्हणाला. मग सावरून, "याच्यासोबत पत्ते कधी खेळायचे नाही बे."

खेळ चालवणाऱ्याने वीस पैलूंचा फासा उचलून माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. "पास. पुढच्या रविवारपर्यंत तुझ्याकडे." त्या दुपारी मला वाटलं की मी पदवी घेतली ती तिथेच.

चहा येईपर्यंत मेडिकलवाला माझी वही चाळत होता. एका पानावर तो थांबला.

"हे दिव्याभोवतीची कंकणं, हे कुठून आणलंस?"

"सुचलं," मी म्हणालो.

"असं सुचत नाही. एकात एक, रंगीत, संध्याकाळी. कोणाला दिसतात?" त्याने वही मिटली. "डोकं दुखतं का त्या माणसाचं? डोळा लाल होतो? नजर धुकट झाली आहे?"

मी आन विसरलो आणि मान हलवली.

"अरे, आम्हाला हे मागच्याच महिन्यात शिकवलं. मी अजून डॉक्टर नाही, माझं चुकत असेल तर चांगलंच. पण हा काचबिंदू असू शकतो. मोतीबिंदू थांबतो तुमच्यासाठी, पिकतो, काढतात, पुन्हा दिसतं. हा थांबत नाही. गेली ती नजर परत येत नाही. राहिली असेल तेवढीच वाचवता येते, आणि तीही लवकर आलं तर." त्याने वही मला परत दिली. "कोण आहे?"

मी सांगितलं. आमच्यात पहिल्यांदाच मी मागाबद्दल सगळं सांगितलं. फळी, कांड्यांच्या गाठी, दोन दिवस बंद राहिलेला माग. नंदनवनवाला खाली पाहत होता. चहा आला तो कुणी उचलला नाही.

"पण मी तिची आन घेतली आहे," मी म्हणालो. आमच्या घरी आन मोडली तर जिची घेतली तिचं वाईट होतं असं मानतात. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मला त्याची खरोखर भीती वाटत होती.

मेडिकलवाला म्हणाला, "तिचं वाईट होतच आहे रे."

आणखी एक अडचण होती. मोठमायला वाचता येत नव्हतं. घरी पत्र आलं की बाबा ते अंगणात बसून मोठ्याने वाचत. तिला काही कळवायचं तर ते बाबांच्याच तोंडून तिला ऐकू जाणार होतं.

होस्टेलवर येऊन मी टेबलाशी बसलो. खिशातला फासा काढून समोर ठेवला. सम पडला तर लिहावं, विषम पडला तर परीक्षेपर्यंत थांबावं, असं एक क्षण मनात आलं. मग तो उचलून परत खिशात टाकला आणि अंतर्देशीय उघडलं. ते पत्र मोठमायने पुढे कांड्यांच्या टोपलीत ठेवलं होतं, तिथून ते माझ्याकडे आलं. घड्यांवर फाटलं आहे, पण वाचता येतं.

*

मोठमाय,

हे पत्र बाबा तुला वाचून दाखवत आहेत. बाबा, मध्ये थांबू नका, शेवटपर्यंत मोठ्याने वाचा.

मोठमाय, मी तुझी आन मोडतो आहे. तुझं काही वाईट व्हायचं असेल तर ते माझं होवो, पण मोडतो. बाबा, मोठमायला वर्षभरापासून नीट दिसत नाही. ती कांड्या गाठीवरून ओळखते आणि तुमचा पाय फळीवरून. तुमच्या डाव्या काठाचा एकही दात मोडला नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तिच्यावर रागावू नका. माझ्यावर रागवा, मला पोळ्यापासून माहीत होतं.

मोठमाय, तुला दिव्याभोवती कंकणं दिसतात ती चांगली नाहीत. तू सांगितलंस तेव्हा मला ती फार सुंदर वाटली आणि मी ती एका खेळात लिहून टाकली. माझ्या एका मित्राने ते वाचलं. तो डॉक्टरकी शिकतो. तो म्हणतो, हा मोतीबिंदू नसावा. हे पिकायची वाट पाहायची नाही. लवकर आलीस तर जेवढं दिसतं आहे तेवढं राहील.

मी शनिवारच्या गाडीने येतो. रविवारी बाबांनी तुला घेऊन सकाळच्या गाडीने निघावं. इतवारी स्टेशनवर माझे तीन मित्र उभे राहतील. एक उंच आहे आणि खूप बोलतो, त्याच्यावरून ओळख पटेल. डॉक्टर होणारा मित्र तुमच्यासोबत दवाखान्यात येईल आणि शेवटपर्यंत थांबेल. मुक्काम जरीपटक्याला मित्राच्या घरी. त्याच्या आईने निरोप दिला आहे की जेवणाला लाजायचं नाही.

बाबा तुला पोचवून परत येतील. मग तुझ्या जागेवर मी बसेन. तू बरी होईपर्यंत. परीक्षेची काळजी करू नको, वाचायचं ते तिथेच वाचेन, आणि या वर्षी राहिली तर परीक्षा पुढच्या वर्षीही येते. बाबा, माझे दात मोडतील. आधी सांगून ठेवतो. मला फळी थोडीशी समजते, अजून पहिल्याच पायरीवर आहे.

मोठमाय, तू दोन दिवस तांदूळ निवडत बसली होतीस, ते मी विसरलो नाही. आता मी सांगतो तसं कर. नाही म्हणू नकोस.

एक काम कर. कांड्यांची टोपली जिथे आहे तिथून हलवू नको, बाबांनाही हलवू देऊ नको. मला ती डोळे मिटून सापडायला पाहिजे.

तुझा,
बाबू